आभाळातली मोकळी जागा

डोळे घारे, म्हणून लहानपणापासून तिला सगळे घारूच म्हणत. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात तिची निम्मी हयात गेली, पण नजर अजून सुईसारखी होती. नवरा गेल्यावर तिने एका हंगामापुरतं डोंगरमाथ्यावरचं काम धरलं, तेव्हा ताई फोनवर म्हणाली, "म्हणजे घारीलाच घारी मोजायला बसवलंय." ताईही एकटी. धाकटीने आपल्याकडे राहायला यावं, असं तिच्या फार मनात होतं. पण घारूला कुणाचं सांत्वन नको होतं.

थंडीच्या आधी उत्तरेकडून निघालेले शिकारी पक्षी त्या खिंडीवरून दक्षिणेला जात. ऊन तापलं की दरीतली गरम हवा वर चढे. त्या हवेवर पंख टाकून ते न फडफडता घिरट्या घेत उंच जात आणि मग घसरगुंडीवरून सुटावेत तसे एकामागून एक पलीकडे उतरत. घारी, ससाणे, भोवत्या, क्वचित एखादा गरुड. घारूने खोलीबाहेर खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसायचं, पक्षी गेला की हातातल्या यंत्राचा खटका दाबायचा आणि संध्याकाळी आकडा वनखात्याच्या कचेरीला फोनवर कळवायचा. आठवड्यातून एकदा वनरक्षक जीपमधून पाणी आणि शिधा आणून देई. एरवी माणसाचं तोंड दिसत नसे.

पहिल्यांदा तिला वाटलं, दुर्बिणीच्या भिंगावर डाग पडलाय. दरीच्या पार टोकाला, सुळक्याच्या वर, पक्ष्यांची रांग मध्येच वाकत होती. सरळ येणारा पक्षी तिथे पोचला की वळसा घाली आणि पुढे पुन्हा रांगेत लागे. रस्त्यात कुणी उभं असलं की माणसं बाजूने जातात, अगदी तसं. तिथे नुसतं निळं आभाळ होतं. घारूने भिंग पुसलं, दुसरी दुर्बीण लावून पाहिली. हवेचा उलटा झोत असेल, अशी मनाची समजूत घातली. पण दुपारी वाऱ्याने उचललेली वाळकी पानं त्या जागेतून बिनदिक्कत आरपार गेली. जिवंत तेवढंच वळत होतं.

वनरक्षक आला तेव्हा तिने त्याला ते दाखवलं. बराच वेळ त्याने दुर्बीण खाली घेतली नाही. मग पाण्याचे कॅन उतरवता उतरवता म्हणाला, "बाई, तुम्ही पक्षी मोजा. त्या जागेकडे नका बघत बसू."

"का? काय आहे तिथे?"

"मला काय ठाऊक? पण आपल्याकडे कुणी टक लावून बघायला लागलं, की जाणारा माणूसही थांबतो."

घारूने चहा टाकला होता. तो न घेताच वनरक्षक निघून गेला.

ती मात्र बघत राहिली. एवढ्या मोठ्या आभाळात सगळे कुठे ना कुठे निघाले होते. जागच्या जागी होती ती, आणि ते. एका संध्याकाळी शेवटचा ससाणा वळसा घालून दिसेनासा झाला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "एकटंच आहेस का?"

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. सकाळपासून ती कुणाशीच बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वळसा सुळक्यापाशी नव्हता. तो दरीच्या मध्यावर आला होता.

मग अलीकडच्या उतारावर. मग खालच्या पाऊलवाटेवर. कचेरीतला माणूस म्हणाला, वाऱ्याने दिशा बदलली असेल. घारू बरं म्हणाली.

आणि एका दुपारी वाहत्या पाण्यात धोंडा असावा तशी पक्ष्यांची रांग तिच्या डोक्यावरच दुभंगली. तिने खुर्ची उचलून खोलीच्या मागे नेली. वळसाही मागे आला.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. दारावर थाप पडली नाही. काहीच झालं नाही.

सकाळी रांग पुन्हा दोरी लावल्यासारखी सरळ होती.

तिच्या जिवात जीव आला. आणि सांगायलाही लाज वाटावी, पण थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

हंगाम सरला तशी ती बसने खाली उतरली. बस खच्चून भरली होती. तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. लोक दांड्याला लोंबकळत उभे होते, पण तिथे कुणी बसलं नाही.

ताईने दारातच मिठी मारली. आता कुठे जायचं नाही, असं बजावून तिला गच्चीवर नेलं, बाकावर शेजारी बसवलं. ताईची कबुतरं तिच्या हातातून दाणे खात. आज मात्र ती कठड्यावरून खाली येईनात. "तुला बुजतात गं," ताई म्हणाली. "जरा आत जा बघू."

घारू आत जाऊन खिडकीशी उभी राहिली.

मग कबुतरं उतरली. ताईच्या डाव्या हाताला त्यांची झुंबड उडाली. उजवीकडेही दाणे पसरले होते. तिकडे एकही गेलं नाही.

ताई दाणे टाकता टाकता काहीतरी गुणगुणत होती. मध्येच, मान वर न करता, ती बाकावर थोडी सरकली. कुणाला तरी ऐसपैस बसता यावं, तशी.