चूक दुरुस्त करू नका

आमच्या कारखान्यात विषारी वायूच्या टाक्या आहेत. म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांना बसवून शिकवतात, परक्याशी बोलताना आतलं काय सांगायचं नाही ते. मी चौथी नापास, पण सतरा सफाईवाल्या बायकांची मुकादम. आणि मला बोलायला शिकवणार कोण, तर माझ्या सुनेच्या वयाची मॅडम!

"माहिती काढणारा विचारत नाही," ती म्हणाली. "मुद्दाम चुकीचं बोलतो. तुम्ही दुरुस्त केलंत, की त्याचं काम झालं. आता जोड्या करून समोरासमोर बसा. एकाने काढायची, दुसऱ्याने द्यायची नाही."

माझ्यासमोर राखाडी शर्टातला एक जण येऊन बसला. असेल दुसऱ्या खात्यातला. अंगाला ओल्या लोखंडाचा वास.

"तुमची सून टाक्यांच्या खोलीत रात्रपाळीला असते," तो म्हणाला.

"असेल नाहीतर नसेल. तुम्हाला काय सोयरीक जुळवायचीय?"

तो हसला नाही. "सोबत कुणीतरी असतंच. नवख्या बाईला एकटीला कोण ठेवणार?"

नवखी? माझी सून?

"सहा वर्षं झाली तिला! दुपारी एक ते दोन एकटी सांभाळते सगळं," मी ताडकन म्हणाले. आणि जीभ चावली.

"आभारी आहे," तो म्हणाला.

मॅडमने टाळी वाजवली. मग माझ्याजवळ आली. "मावशी, तुम्हाला जोडीदारच उरला नव्हता. मीच येणार होते, पण तुम्ही खुर्चीशी इतक्या रंगून बोलत होतात..."

समोरची खुर्ची रिकामी होती. घड्याळात सव्वा वाजला होता.

या दुखऱ्या गुडघ्यांनी मी धावत सुटले.

टाक्यांच्या खोलीच्या काचेतून सून दिसली. एकटीच. हसून मान हलवत होती.

"अहो, लाल चाक नाही हो," ती सांगत होती. "लालने बंद होतो. वायू सोडायचा तो पिवळ्याने. हे असं..."

तिचा हात पिवळ्या चाकावर होता.

मी दंडाला धरून तिला बाहेर खेचली. दार ओढून घेतलं.

"आई, काय हे! साहेब आहेत आत!"

"कुठे आहेत?"

तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

आतून काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

"नातू या वेळी घरीच असेल," आतून आवाज आला. "आजोबांपाशी."

सुनेने तोंड उघडलं. मी दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरलं.

मग माझ्याच कानांवर माझा आवाज आला.

"छे, घरी कुठला..."