थेलूरची उत्तरपूजा

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी सरळ उठून जातो. काशीच्या ब्रह्मा घाटावर तीस वर्षं याज्ञिकी केली. देव बोलवायचे आणि वेळेवर परत पाठवायचे, एवढंच माझं काम. चौऱ्याण्णव सालच्या गणपतीत मात्र मीच घोळ घातला.

माझी शरदिनी तेव्हा चौदा वर्षांची. पोलिओनं डावा पाय लुळा, पण जीभ? विचारू नका! इंग्रजी परीकथा वाचून तिनं वहीत एक अख्खं जंगल वसवलं होतं. तिथली माणसं टोकदार कानांची. "एल्फ म्हणतात त्यांना, बाबा." त्यांचा शिकारीचा आणि रानाचा देव म्हणजे थेलूर. गणपतीच्या उरलेल्या मातीतून तिनं तो घडवला, हाती धनुष्य दिलं आणि चतुर्थीला गणपतीशेजारी पाटावरच मांडला.

प्राणप्रतिष्ठेचे मंत्र मी मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून, डोळे मिटून म्हणतो. डोळे उघडले, तर दूर्वा थेलूरच्या छातीला!

"देखिए न, बाबांनी माझ्या देवात जीव घातला!" पोरगी खिदळली. माझी बायको आनंदी, तीही पदर तोंडाला लावून हसली. मी गणपतीची प्रतिष्ठा पुन्हा केली. पाचव्या दिवशी उत्तरपूजा करून त्याला गंगेत पोचवला. थेलूर गेला कोनाड्यात. खेळण्याची कसली डोंबलाची उत्तरपूजा?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या छतावर माकड फिरकेना. काशीत, आणि माकड नाही! आनंदीचे सांडगे बिनराखणीचे वाळले. मग घरात ओल्या पाल्याचा वास येऊ लागला, चंदनालाही न जुमानणारा. एका सकाळी जिन्यावर चिखलाचे खूर उमटलेले दिसले, वर जाणारे. खाली येणारे नव्हते. कुणाची तरी बकरी असेल म्हणून मी फडक्यानं पुसून टाकले.

आणि शरदिनी भिंतीचा आधार सोडून चालू लागली.

नवरात्रात ती पंचगंगा घाटाच्या पायऱ्या धावत चढली. मी खाली उभा राहून रडलो, चार लोकांदेखत. मनात थेलूरला म्हटलं, राहा रे बाबा, हवा तितका राहा.

कार्तिकातल्या एका दुपारी ती जेवायला बसली होती. मी तूप वाढता वाढता सहज म्हणालो, "काय गं, तुझा थेलूर आता इथलाच झाला की!"

"नाही हो बाबा. पानगळ लागली की निघायचंय आम्हाला."

"आम्हाला म्हणजे?"

"त्याच्याबरोबर मी धावणार ना. तुम्ही रडायचं नाही हं." तिनं वरणाच्या हातानं माझा गाल ओढला.

लंगडत का होईना, पण पोर माझी घरात राहू दे. मी उठलो. मूठभर अक्षता घेतल्या, कोनाड्यापुढे उभा राहिलो आणि उत्तरपूजेचे मंत्र भराभरा म्हटले.

अक्षता वाहिल्या.

मूर्ती जागची हलवली.

पाल्याचा वास एकदम गेला.

आतून आनंदीनं विचारलं, "शरू, पोळी वाढू का गं अजून?"

मी वळलो. पाटावर कोणी नव्हतं. ताटात अर्धी पोळी होती, आणि भातावरचं तूप अजून पसरत होतं.