कुबड्यांचे सहा आठवडे

फाईल हातातून निसटली आणि आतली एमआरआयची फिल्म घसरत थेट मेघाच्या पायाशी आली. बाकावरचा तरुण वाकायला गेला... आणि अर्ध्यातच थांबला. डावा खुबा त्याला वाकू देईना.

"राहू द्या," म्हणत तिनं फिल्म उचलून दिली. त्याच्या स्वेटरवर कापसाचे तंतू होते. "जिनिंगमध्ये असता का?"

"हिंगणघाटले. कापसाची प्रत पाहतो." तो हसला. "आता माही प्रत डॉक्टर पाहून राह्यले."

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात मेघा फिजिओथेरपिस्ट होती. त्या तरुणाचं नाव प्रफुल, आणि त्याचा आजार तिला फाईलवरूनच कळला. रक्तपुरवठा तुटल्यानं खुब्याच्या हाडाचं गोल डोकं आतून मरत होतं. पण अजून खचलं नव्हतं. खचलं की सांधा बदलणं आलंच. वय अवघं एकोणतीस, म्हणून डॉक्टर म्हणाले, आधी हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करू, नवं रक्त येतं का पाहू. खात्री नाही. शिवाय सहा आठवडे कुबड्या, आणि डाव्या पायावर जराही भार नाही.

प्रफुलनं तेच निवडलं. ऑपरेशननंतर तो दर सोमवारी व्यायामाला येऊ लागला.

"मॅडम, तुम्ही रागावल्या की पाय आपोआप उचलते."

"मग रोज रागवावं लागेल."

"रोज येऊ?"

"सोमवारीच या," ती म्हणाली — आणि उगाच खिडकीकडे वळली.

चौथ्या सोमवारी पाय उचलता उचलता तो म्हणाला,

"रविवारी आर्वीले पोरगी पाहाले चाललो. मामा म्हणते, तासाभराचं काम हाय, कुबड्या गाडीतच ठेवजो."

मेघाचा हात थांबला. "छिद्र पाडलेलं हाड आहे ते! भार पडला तर मोडेल." एवढंच बोलली. दुसरं जे होतं, ते... राहिलंच.

रविवारी तिनं एकच कपाट दोनदा आवरलं.

सोमवारी तो आला. तिनं आधी पायाकडे पाहिलं.

"टेकवला?"

"नाई. कुबड्या घेऊनच गेलो. मामा डोळे वटारत होता. पोरीच्या वडलाले सारं सांगून टाकलं. पुढं सांधा बदलावा लागंल, हेही."

"मग?"

"पोहे चांगले होते."

"आणि?"

"चहा येण्याआधीच नकार आला."

मेघा त्याच्याकडे बघत राहिली. पाय मुरगळलाय असं सांगून खरा आजार लपवणारे कितीतरी तिनं इथं पाहिले होते. हा परक्या घरात, सगळ्यांसमोर, खरं बोलून आला होता. आणि चेहऱ्यावर ना लाज, ना तक्रार!

"मॅडम, हसता काऊन?"

तिनं व्यायामाच्या कागदामागे पत्ता लिहिला. नालवाडीचा.

"या रविवारी आमच्याकडे या. मामांनाही आणा."

त्यानं पत्ता दोनदा वाचला. कान हळूहळू लाल झाले.

"दारात तीन पायऱ्या आहेत," ती घाईनं म्हणाली. "चढताना चांगला पाय आधी..."

"आन उतरताना?"

"उतरायची एवढी घाई कशाला?"