आधी मागे, मग पुढे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ताई, माझी मामेबहीण, खोटं बोलणाऱ्यातली नाही. आणि शेवटच्या दिवशी तर मी स्वतः तिच्या शेजारी उभी होते.

रविवार होता. भर दुपार. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली. आत ताई एकटी, आणि मामांचं लेथ मशीन.

मामांनी त्या लेथवर चौतीस वर्षं लोखंड कापलं. कापायचं हत्यार पुढे-मागे सरकवणारा स्क्रू पार झिजलेला. हँडल पाव फेरा फिरवलं तरी हत्यार जागचं हलायचं नाही. म्हणून प्रत्येक कापाआधी मामा हँडल अर्धा फेरा मागे घ्यायचे, मग हलकेच पुढे. "आधी मागे, मग पुढे," असं पुटपुटत. सगळ्यातच त्यांचं तसं. मामी म्हणायची, "या माणसाने लग्नालासुद्धा आधी नाही म्हटलं होतं."

पुढे मामांचे हात थरथरायला लागले. ताईने मशीनला कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं. नवा स्क्रू, दोन मोटरी, बटण दाबलं की काम.

"हँडल तेवढं राहू दे," मामा म्हणाले. "हात कुठे ठेवू मी?"

"बाबा, आता तुमच्या हाताचं कामच नाही."

बिचारी मायेनेच बोलली होती. पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच? हँडल भंगारात गेलं. मामा रोज स्टुलावर येऊन बसायचे, आणि त्यांचा हात हवेत हँडल शोधायचा.

बाराव्या दिवशी ते झोपेतच गेले.

तर तो रविवार. मामांनंतरचं पहिलंच काम. ताईने बटण दाबलं. हत्यार पुढे आलं...

थांबलं.

अर्धा फेरा मागे गेलं.

मग हलकेच पुढे.

प्रोग्रॅममध्ये असं काही नव्हतं. तिने ओळ न् ओळ तीनदा वाचली. शेवटी मेन स्विच बंद केला. स्क्रीन काळा झाला.

आणि तरीही स्क्रू फिरला... मागे... मग पुढे.

किर्र...

तो आवाज हँडलचा होता. जे तिथे नव्हतंच.

ताई घाबरली नाही. फरशीवर बसून हमसाहमशी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याकडे धावली. नशीब, त्याने हँडल दार अडवायला ठेवलं होतं. तिने ते घासूनपुसून स्क्रूच्या टोकाला बसवलं. "बाबा, हे घ्या. चुकलं माझं."

तेव्हापासून मशीन सरळ चालायला लागलं. मागे जाणं नाही, आवाज नाही.

ताईला वाटलं, हवं ते मिळालं आणि बाबा गेले. या वेळी कायमचे. महिनाभर तिने कळ काढली, मग मला बोलावून घेतलं. माझ्यादेखत पान्याने हँडल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाबा, काढलं बघा. या ना रागवायला."

तिने बटण दाबलं. हत्यार थेट पुढे गेलं आणि कापायला लागलं. ताई कितीतरी वेळ तशीच बघत राहिली.

मी हातातल्या हँडलकडे पाहिलं. ते काढलं तेव्हा मशीन सकाळपासून बंद होतं, लोखंड गार असायला हवं होतं. पण हँडलची मूठ कोमट होती... कुणीतरी आत्ताच हात उचलल्यासारखी.

म्हणजे मामा तोवर गेलेच नव्हते. हँडलवर हात ठेवून निवांत बसले होते. आणि आम्ही ते दुसऱ्यांदा काढून घेतलं.

हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.