पांढऱ्या पट्टीवरची पावलं

रविवारची दुपार. केनियातल्या लिमुरू गावच्या चहामळ्यांवरून उतरलेलं धुकं रस्त्यावर ठाण मांडून बसलं होतं. हवालदार जेरोटिच आणि तिचा जोडीदार ओकुमू घाटाच्या तोंडाशी गाड्या अडवून चालकांना यंत्रात फुंकायला लावत होते.

एक जुनी पिकअप थांबली. आत गाथोगो गुरुजी होते. अर्ध्या लिमुरूला शिकवणारा, थेंबालाही न शिवणारा माणूस. पण काच खाली होताच दारूचा भपकारा आला. गुरुजींनी फुंकलं. यंत्रावर शून्य.

"जा गुरुजी."

"नीट बघ, पोरी. पुन्हा घे."

पुन्हा शून्य.

ओकुमूला हसू आवरेना. "लोक सोडा म्हणून पाया पडतात, आणि तुम्ही धरा म्हणताय?"

गुरुजी हसले नाहीत. "या घाटात गाडी मी चालवत नाही. न्दिरांगू चालवतो. माझा धाकटा भाऊ. पिऊन चालवताना याच उतारावर अपघातात गेला. हल्ली समोर माणूस आलं तरी तो ब्रेक दाबू देत नाही. गेल्या रविवारी एक बाई वाचली, नशीब तिचं."

शेजारची सीट रिकामी होती. जेरोटिचने गुरुजींच्या बाजूचं दार उघडलं.

"खाली उतरा. या पांढऱ्या पट्टीवरून चालून दाखवा."

कडेच्या लाल चिखलात पाय टाकून गुरुजी पट्टीवर आले आणि चालत गेले. आखल्यासारखे सरळ. ओकुमूने टाळी वाजवायला हात उचलले, ते तसेच राहिले.

ओल्या डांबरावर चिखलाची पावलं उमटली होती. पट्टीच्या डावीकडे, उजवीकडे, मध्येच अडखळलेली. झिंगलेल्या माणसाची.

"किल्ली द्या," जेरोटिच म्हणाली.

गुरुजींनी ती दोन्ही हातांनी दिली. तिने त्यांना गावाकडे जाणाऱ्या मटाटूत, भाड्याच्या प्रवासी व्हॅनमध्ये, बसवून दिलं. जाताना त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

इतक्यात धुक्यातून एक ट्रक भोंगा वाजवत आला आणि पिकअपला घासून गेला. गाडी बाजूला घेणं भागच होतं.

"मी नाही बसणार, ताई," ओकुमू म्हणाला.

जेरोटिच बसली. दार लावलं.

गुरुजी जेमतेम तिच्या खांद्याला लागत. तरी सीट इतकी मागे सरकवलेली होती, की तिचेच पाय पेडलांपर्यंत पोचेनात.

सीट पुढे घ्यायला ती खालचा खटका चाचपत होती.

किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

क्लच सावकाश आत गेला.