खोबरच्या बाईंची तक्रार

जिन्यात अंधार होता म्हणून बरं. उजेड असता तर दोघांनी एकमेकांना वेळेवर पाहिलं असतं, सभ्यपणे बाजूला झाले असते, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

सकिना चहाचा ट्रे घेऊन खाली अब्बांच्या दुकानात निघाली होती. कादिर हनुवटीपर्यंत खोकी रचून वर येत होता. गोदाम वरच्या मजल्यावर आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगणारा चुकला होता. वळणावर टक्कर झाली. चहा भिंतीवर गेला, एक खोकं गडगडत खालच्या पायरीपर्यंत गेलं... आणि कादिर ट्रेकडे, भिंतीकडे, मुलीकडे, कुणाकडेही न बघता खोक्यामागे धावला. आतला फ्लास्क काढून त्यानं कानाशी धरून हलवला.

"वाचला!"

"मीही वाचले," वरून आवाज आला. "कुणाला विचारायचं असेल तर."

कादिरनं मान वर केली. ओढणी सावरणारी एक मुलगी त्याच्याकडे बघत होती. रागानं बघायचं तिनं ठरवलं होतं, पण ते काही तिला जमत नव्हतं.

"माफ करा... म्हणजे, तुम्हाला लागलं का?"

"आता विचारलंत? आधी बाटली, मग माणूस?"

"बाटली कंपनीची आहे," कादिर प्रामाणिकपणे म्हणाला.

"आणि माणूस?"

कादिरनं फ्लास्क पुन्हा खोक्यात घातला. तो सव्वीस वर्षांचा होता, आणि तोवर असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

सन नव्वदचा सप्टेंबर होता. महिन्याभरापूर्वी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं होतं आणि सौदीतल्या खोबर शहराचं रूप पालटलं होतं. रस्त्यांवर अमेरिकन सैनिक शोरमा खात हिंडत होते आणि मुंबईच्या विमानांत जागा मिळत नव्हती. रत्नागिरीकडच्या फकरुद्दीन परकारांचं क्रोकरीचं दुकान मात्र उघडं होतं. "बॉम्ब पडला तरी लोकांना चहा लागतो, आणि चहाला कप लागतो," असं ते म्हणत. दुकान खाली, बिऱ्हाड वर. बिऱ्हाडात ते, बेगम बदरुन्निसा आणि मुलगी सकिना. ती भारतीय शाळेत शिकवायची. पण पालकच पळाल्यामुळे वर्ग निम्मे रिकामे होते.

सगळे बाहेर पडत असताना आत आले ते मिस्टर लियांग. चीन आणि सौदी अरेबियाची रीतसर ओळखदेख त्याच उन्हाळ्यात झाली होती, आणि लियांग जे पहिलं विमान मिळालं त्यानं फ्लास्क घेऊन हजर झाले होते. त्यांच्या कंपनीचं नाव 'सात शिखरं'. त्यांना इथे कफील, म्हणजे परक्याच्या धंद्याला लागणारा स्थानिक जामीनदार मिळाला, आणि कफीलच्या कचेरीतला कादिर साखरकर मिळाला. मुरुडचा, अरबी-इंग्रजी फाडफाड बोलणारा. कादिरनं खोबरमधल्या दहा घरी एकेक फ्लास्क चाचणीसाठी द्यायचा होता. लियांगांचा नियम एकच: तक्रार आली की जातीनं जायचं, ऐकून घ्यायचं आणि कारखान्याला टेलेक्स करायचा.

"तक्रार करणारं गिऱ्हाईक म्हणजे फुकटचा इंजिनियर," लियांग म्हणत.

त्या दहांतला एक फ्लास्क परकारांकडे गेला. आठवड्यानं कादिर विचारपूस करायला आला.

"झकास आहे रे बाबा," बदरुन्निसा म्हणाल्या. "सकाळचा चहा दुपारी चटका देतो."

"मग... मग काही तक्रार नाही," कादिर उठत म्हणाला. ही आनंदाची बातमी होती. पण त्यानं ती एखाद्याची मयत कळवावी तशी सांगितली. "तक्रार नसली की परत यायची गरज नसते आम्हाला."

दाराआडून आवाज आला, "एक मिनिट! हँडल टोचतं."

"कुठे?" बदरुन्निसांनी विचारलं.

"बांगड्या घातल्या की... मनगटाला."

कादिर पुन्हा खाली बसला आणि त्यानं वही काढली. "उजव्या मनगटाला की डाव्या?"

"दोन्ही."

"दोन्ही हातांनी ओतता?"

"कधी कधी," सकिना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

टेलेक्स चीनला गेला. तिकडे तक्रार हसण्यावारी न्यायची पद्धत नव्हती. कारखान्यात बैठक बसली आणि पुढच्या खेपेला रुंद, गुळगुळीत हँडलचा फ्लास्क आला. तो द्यायला कादिर आला, बघायला आठवड्यानं पुन्हा आला. तेव्हा सकिनाला दिसलं की फ्लास्कवर रंगवलेलं गुलाबी फूल कोबीसारखं दिसतंय.

"कोबी?" कादिरनं फ्लास्क उजेडात धरला.

"पाहुण्यांसमोर कोबी ठेवायचा म्हणजे..."

"कोबीच लिहू?"

"लिहा. आणि हेही लिहा की चाचणी घेणारे साहेब फूल कमी बघतात आणि इकडेतिकडे जास्त."

"हे टेलेक्सनं पाठवलं तर फार महाग पडेल," कादिर वहीतून डोकं वर न काढता म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते सकिनानं पाहिलं.

कोबी गेला, खजुराचं झाड आलं. मग झाकण कुरकुरायला लागलं. मग शेवटचा घोट तळाशी राहायला लागला. दर तक्रारीगणिक चीनमध्ये बैठका होत होत्या आणि खोबरमध्ये कादिरचा शर्ट जास्त कडक इस्त्रीचा होत होता.

"आले फ्लास्कचे डॉक्टर," बदरुन्निसा दार उघडताना म्हणायच्या. "पेशंट आत आहे हो. नाडी बघा."

फकरुद्दीन पेपरातून मान वर करायचे. "मुरुडचा ना तू? तिकडची माणसं बोलतात गोड."

"तुम्ही गोड बोलल्याचं मला आठवत नाही, त्यापेक्षा बरं," बदरुन्निसा म्हणायच्या. पेपर पुन्हा वर जायचा.

एकदा, सकिना शाळेत असताना, खुद्द लियांगही आले होते. बदरुन्निसांनी वेलची घालून चहा केला. लियांगांनी नम्रपणे नुसतं गरम पाणी मागितलं आणि ते मिटक्या मारत प्यायले. तेव्हापासून, बिचाऱ्याच्या पोटात काहीतरी आहे अशी बदरुन्निसांची खात्री झाली, आणि कादिरच्या हाती त्या लियांगांना ओव्याच्या पुड्या पाठवू लागल्या.

लियांगांच्या पोटात काही असलंच तर ते रियाधचं तपासणी कार्यालय होतं. तिकडची मोहर उमटल्याशिवाय माल विकता येत नव्हता. फ्लास्कवर सगळं अरबीत छापलेलं हवं म्हणून नमुने परत आले. लियांगांनी छापून घेतलं. पण कारखान्यात अरबी कुणाला येत होतं? अक्षरं उलट्या बाजूनं लागली, आणि नमुने पुन्हा परत आले. शेवटी मजकूर कादिरनं स्वतः लिहून पाठवला. डिसेंबरात मोहर मिळाली आणि लियांगांनी त्या दिवशी गरम पाण्यात साखर घातली.

मग कादिर फ्लास्क घेऊन हफ्र अल बातिनला गेला. तिथे वाळवंटात फौजांची छावणी पडली होती आणि थंडीत सगळ्यांनाच गरम काहीतरी हवं होतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सकिनानं तीन तक्रारी तयार करून ठेवल्या होत्या. ऐकायला मात्र कुणी नव्हतं. दुपारी ती फ्लास्क जवळ घेऊन खिडकीशी बसायची. खाली लोक काचांना टेप लावत होते. कुवेत सोडायला इराकला दिलेली मुदत जवळ येत होती.

"लढाई सुरू झाली तर तुम्हा दोघींना गावी पाठवतो," फकरुद्दीन जेवताना म्हणाले. "सकिनाच्या खालानं चिपळूणचं स्थळ बघून ठेवलंय. औषधाचं दुकान आहे."

सकिनाच्या घशात घास अडकला. औषधवाल्याकडे त्यावरही काही औषध नसणार, असं तिला वाटलं.

कादिर परत आला तेव्हा खोबरवर हिवाळ्यातला बारीक पाऊस पडत होता. केसांत वाळू, शर्टवर थेंब, आणि चेहरा... चेहऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. बदरुन्निसा नानखटाई आणायला आत गेल्या आणि तिथे, कधी नव्हे ते, बराच वेळ रेंगाळल्या.

"हाँगकाँगहून एक गृहस्थ येताहेत," कादिर हळू आवाजात म्हणाला. "मिस्टर लाम. कंपनीत पैसे घालणारे. म्हणाले, जगभर चिनी माल स्वस्त म्हणून घेतात; चांगला म्हणून कुणी घेतं का ते मला बघायचंय. तुमचं सगळ्यात कडक गिऱ्हाईक दाखवा."

"म्हणजे... मी?"

"चीनमध्ये तुम्हाला 'खोबरच्या बाई' म्हणतात. त्यांना वाटतं तुम्ही साठीच्या आहात."

सकिनाला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग?"

"तुम्ही समाधानी आहात म्हणालात तर ते सही करतील. रियाधला मोठी वखार निघेल. मला तिथला मॅनेजर करतायत."

"रियाधला..."

"आणि तक्रार असली तर सही नाही. चाचणी चालू राहील. मी इथेच, दर आठवड्याला."

पाऊस काचेवर, टेपच्या पट्ट्यांवर वाजत राहिला.

"मी काय सांगू?"

"खरं असेल ते."

"मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला काय हवंय?"

"मला..." कादिर म्हणाला, आणि नेमक्या त्या क्षणी बदरुन्निसांना नानखटाई सापडली.

चौथ्या दिवशी दुपारी मिस्टर लाम आले. विमानतळावर निघालेल्यांची रांग आणि आलेला हा एकटा. करड्या सुटातला बारीक माणूस, डोळे मात्र पाव पैशाची चूक पकडणारे. दिवाणखान्यात शोकेसवर गॅस मास्कची खोकी, टीपॉयवर नवा फ्लास्क. एका बाजूला लाम आणि लियांग, समोर फकरुद्दीन, मध्ये दुभाषा म्हणून कादिर. आतल्या दारात डोक्यावर ओढणी घेऊन सकिना, आणि तिच्या मागे बदरुन्निसा.

खोबरच्या बाई बावीस वर्षांच्या आहेत हे पाहून लियांगांच्या हातातलं गरम पाणी हिंदकळलं.

"काही तक्रार?" लामनी इंग्रजीत विचारलं. कादिरनं मराठीत सांगितलं. गरज नव्हती, सकिना मुलांना इंग्रजीच शिकवायची. पण वडिलांदेखत परक्या पुरुषांशी थेट बोलायची रीत नव्हती, आणि आज तिला त्या रीतीचा आधार वाटत होता.

तिनं तयार ठेवलेल्या तिन्ही तक्रारी जिभेवर होत्या. एक सांगितली असती की झालं. हा माणूस दर आठवड्याला, याच खुर्चीत... पण याच माणसानं हफ्र अल बातिनची वाळू खाल्ली होती, उलटी अक्षरं सुलटी करून रियाधची मोहर आणली होती. त्याच्या ताटात माती कालवायची?

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "काही तक्रार नाही."

कादिरनं सांगितलं. लियांगांनी श्वास सोडला. पण लाम पैसे घालणारा माणूस. तो एका उत्तरावर उठणारा नव्हता.

"चार वेळा बदल केला यांनी. नेमक्या कुठल्या बदलानं समाधान झालं?"

सकिनानं कादिरकडे पाहिलं. मग जमिनीकडे. आणि मग, खोटं संपलं की माणूस जसं बोलतो तसं, सरळ बोलली.

"कुठल्याच नाही. पहिला फ्लास्कही उत्तम होता. टोचत नव्हता, कुरकुरत नव्हता. हे यावेत म्हणून मी... तक्रारी करत होते."

बदरुन्निसांनी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. लियांग आणि लाम कादिरकडे बघू लागले. कादिरनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. अरबी, इंग्रजी, मराठी, तीनही भाषा त्याला एकदम सोडून गेल्या.

फकरुद्दीन परकारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सकिनानं डोळे मिटून घेतले. चिपळूणचं औषधाचं दुकान तिला अगदी स्पष्ट दिसू लागलं.

"मिस्टर लाम," फकरुद्दीन आपल्या दुकानी इंग्रजीत म्हणाले, "माय डॉटर से, फ्लास्क फर्स्ट क्लास. फर्स्ट डे, फर्स्ट क्लास. ओन्ली दिस बॉय नॉट कमिंग डेली. दॅट इज कम्प्लेंट."

लाम खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि त्यावर उपाय?"

"निकाह," फकरुद्दीन म्हणाले. "आफ्टर दॅट, डेली."

"अब्बा!"

"काय अब्बा? वीस वर्षं फ्लास्क विकतोय मी. हँडल टोचतं म्हणणारी मुलगी तोच फ्लास्क गालाशी धरून खिडकीत बसते, ते दिसत नाही होय मला? विचार केला होता, मुरुडचा आहे, स्वतः तोंड उघडेल. याचं बोलणं म्हणे गोड! बोलायलाच तयार नाही!"

लियांग मात्र पांढरे पडले होते. चार बैठका, चार साचे, तेवढे टेलेक्स! त्यांनी लामकडे पाहिलं. लामनी खिशातून पेन काढलं.

"चार खोट्या तक्रारींवर जी कंपनी अख्खा कारखाना हलवते," ते म्हणाले, "ती खऱ्या तक्रारीवर काय करील?" आणि त्यांनी सही केली.

लियांगांना आनंदानं दुसरं काही सुचेना. त्यांनी बदरुन्निसांकडे चहा मागितला, वेलची घालून. त्या आत पळाल्या, ओवाही घालावा की काय या विचारात.

मोठी माणसं कागदांत आणि चहात गुंतल्यावर कादिर दाराशी आला. आता दार लावून घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी सकिनाचा हात कडीवर होता.

"सगळ्यांनी सगळं ठरवलं," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

"तुम्हीही नाही विचारलंत."

"विचारतोय. रियाधला... याल? लढाई सुरू झाली तर तिथेही भोंगे वाजतील. वखारीमागे दोन खोल्या आहेत. शेजार नाही. समुद्रही नाही."

"त्या दिवशी 'मला' म्हणून थांबला होतात. पुढचं वाक्य हेच होतं?"

"नाही." कादिरनं घसा साफ केला. "पुढचं होतं... मला तुम्ही हव्यात."

सकिनानं कडीवरचा हात काढला.

"येईन. पण एक सांगून ठेवते. यापुढच्या तक्रारी खऱ्या असतील."

"प्रत्येक वेळी जातीनं हजर व्हावं लागेल?"

"हजर कशाला व्हायला हवं?" ती हसली. "घरातच तर असशील."