सपनाचे छत्तीस फोटो

आपल्या बाबांचा जुना कॅमेरा घेऊन प्रबुद्ध आमच्या मुलुंडच्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात आला, आणि माझ्यादेखत त्याने मागचं झाकण उघडलं. फिल्म आत असताना.

"अहो, काय करताय?"

"संपली का बघतोय."

"आता संपलीच. उजेड लागला की फिल्म गेली."

त्याने झाकण इतकं हळूच लावलं की मला हसू आलं. रविवारी शिकवीन म्हटलं. अट एकच, मोबाइलवर एकही फोटो काढायचा नाही. मग सोमवारपासूनच मी रविवारची वाट बघायला लागले, काय करणार.

आम्ही नाहूरच्या पुलावर जायचो.

"माझा चेहरा स्पष्ट दिसेपर्यंत रिंग फिरव."

"दिसला."

"मग दाब ना."

"थांब गं... बघू दे जरा."

माझे कान तापायचे.

तिसऱ्या रविवारी फिल्म त्याने स्वतः भरली. पहिला फोटो काढून त्याने लिव्हर ओढली, आणि मी पाहिलं — फिल्मबरोबर फिरणारा डावीकडचा नॉब फिरलाच नाही. म्हणजे फिल्मचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं, फिल्म जागची हलतच नव्हती. सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. रोल कोरा निघाला तर पुढच्या रविवारी पुन्हा येईल ना हा.

त्याने छत्तीसच्या छत्तीस फोटो माझेच काढले. मी खूप हसले त्या दिवशी. फिल्म परत गुंडाळायला त्याला दोनच फेऱ्या लागल्या.

"एवढ्यात झाली?"

"हो."

"बुधवारपर्यंत धुऊन देशील? गुरुवारी दुबईला चाललोय, दोन वर्षांसाठी. आधी सांगितलं असतं तर तू अशी हसली नसतीस, यार. आईला हे फोटो दाखवून सांगणार आहे, हीच मुलगी... तू हो म्हणालीस तर."



"रोल कोरा आहे, प्रबुद्ध. मला पहिल्याच फोटोला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू परत यावंस म्हणून. मला तू हवा होतास रे."

मीच त्याच्यापुढे मोबाइल धरला. "यावर काढ. आत्ता काढ ना."

"नको. तासभर मी जीव ओतून तुझ्याकडे बघत होतो, सपना. आणि तू मला येडा बनवत होतीस."

रोल माझ्या हातात देऊन तो पुलाच्या पायऱ्या उतरला. बुधवारी आला नाही, फोनही उचलला नाही.

तो रोल मी तरीही धुतला. म्हटलं, एखादा तरी आला असेल.

एकही नव्हता.